छत्रीखालचा हिशेब

२०२५च्या जुलैमधल्या एका रात्री लीड्सहून भाचीचा फोन आला. ‘मामा, दोन करारनामे पाठवलेत. विषय तुझा नाही, पण शब्दाशब्दाला अडून वाचायची सवय तुलाच आहे.’ आठ वर्षांची कायम नोकरी सोडून तिने पहिल्यांदाच कंत्राटी काम घेतले होते: एका मोठ्या बँकेत विदा-विश्लेषणाचे, सहा महिन्यांचे, रोज ३०० पौंडांचे. आपल्याकडे ‘कंत्राटी’ या शब्दाला हिणवल्याचा वास येतो. तिकडे पुष्कळ माणसे आपखुशीने कॉन्ट्रॅक्टर होतात, आणि त्यांचा रोजही कायम नोकरांपेक्षा बरा असतो. पण काम मिळवून देणाऱ्या एजन्सीने तिला एक अट घातली होती. पैसे एखाद्या ‘अम्ब्रेला’ कंपनीमार्फतच मिळतील.

छत्री कंपनी! नाव ऐकून मला प्रथम गंमतच वाटली. व्यवस्था मात्र साधी आहे. बँक एजन्सीला पैसे देते, एजन्सी छत्री कंपनीला देते, आणि ही कंपनी कॉन्ट्रॅक्टरला कागदोपत्री आपला नोकर करून घेऊन कर कापून पगार देते. काम एकाचे, नोकरी दुसऱ्याची. या व्यवस्थेचा प्रसार झाला तो ‘आयआर३५’ या नियमामुळे. १९९९ मधल्या एका सरकारी प्रसिद्धिपत्रकाचा क्रमांकच त्याचे नाव होऊन बसला. स्वतःची लिमिटेड कंपनी काढायची, प्रत्यक्षात नोकरासारखेच काम करायचे आणि कर मात्र उद्योजकाचा भरायचा, या प्रथेला २००० साली त्याने आळा घातला. एप्रिल २०२१ पासून खासगी क्षेत्रातही हे काम नोकरीसारखे आहे की नाही ते मध्यम व मोठ्या ग्राहक कंपन्याच ठरवतात. भाचीच्या बँकेने ‘नोकरीसारखे’ असा शेरा मारला होता. एकदा तो शेरा पडला की स्वतःच्या कंपनीचा करलाभ जवळजवळ संपतो आणि हिशेबनिसाचा खर्च तेवढा उरतो. तेव्हा छत्रीखाली जावे, किंवा एजन्सीच्याच पगारपत्रकावर. शेरा उलट असता, काम वर्षा-दोन वर्षांचे असते आणि या वाटेवर राहायचे तिचे पक्के असते, तर मी तिला स्वतःची कंपनी काढण्याचा विचार कर म्हटले असते. पण पहिलेच काम, तेही सहा महिन्यांचे. पुढे जमेल की नाही तिलाच ठाऊक नव्हते. अशा माणसाला छत्री सोयीची. एकामागून एक लहान कामे मिळाली तरी मालक एकच राहतो. आजारपणाची आणि बाळंतपणाची कायदेशीर तरतूद लागू होऊ शकते. दोन कामांच्या मधल्या काळात मात्र सहसा काहीच मिळत नाही.

हे कळायला मला दोन रात्री लागल्या. तिसऱ्या रात्री करारनामे उघडले.

पहिल्यात आठवड्याला १५०० पौंड हा ‘नेमणूक दर’ होता, आणि त्याच्याखाली वेगळ्या ओळीत ‘करपूर्व वेतन’. भाचीने हे दोन्ही शब्द एकच धरले होते. खरी मेख तिथेच. नेमणूक दर हा कंपनीला मिळणारा पैसा. मालकाने भरायचा राष्ट्रीय विमा, शिकाऊ उमेदवारांसाठीचा अर्धा टक्का आणि कंपनीची स्वतःची फी हे सगळे आधी त्यातून जाते, आणि मग उरते ते वेतन. फी आठवड्याला २५ पौंड धरून, पेन्शन बाजूला ठेवून, २०२५–२६च्या दरांनी आम्ही आकडे मांडले. मालकाचा विमा सुमारे १७९, वेतन सुमारे १२९०. त्यातून प्राप्तिकर आणि तिचा स्वतःचा विमा गेला की हातात साडेनऊशे. फोनवर बराच वेळ शांतता होती. ‘म्हणजे मालकाचा विमासुद्धा मीच भरायचा?’ भरते ती कंपनीच. पण तुझ्याच दरातून, असे मी म्हणालो. म्हणूनच एजन्सीचा पगारी दर छत्रीच्या दरापेक्षा कमी दिसतो तेव्हा तो खरोखरच कमी असतो असे नाही. त्यातून हे सारे आधीच वजा झालेले असते.

दुसरा करारनामा गोड होता. पंच्याऐंशी टक्के घरी न्या, असे तो सांगत होता. म्हणजे १२७५ पौंड, पहिल्या हिशेबातल्या करपूर्व वेतनाइतकेच! मग कर गेला कुठे? तो सापडला अकराव्या पानावर. वेतन फक्त किमान दराने द्यायचे, आणि उरलेली रक्कम ‘ऐच्छिक आगाऊ रक्कम’ म्हणून. आगाऊ दिलेले परत मागता येते. जे परत मागता येते ते वेतन नव्हे, ऋण. आणि ऋणावर कर कसला? या एका विशेषणावर सगळी इमारत उभी होती. अशाच कर्जयोजनांत पूर्वी सापडलेल्या हजारो माणसांवर २०१९ मध्ये जुन्या कर्जांचा एकत्र कर बसला. योजना विकणारे कधीच निघून गेले होते. एप्रिल २०२६ पासून छत्री कंपनीने बुडवलेल्या कराची जबाबदारी एजन्सीवरही टाकण्याची तरतूद आहे, पण ती सही करणाऱ्याच्या डोळ्यांची जागा घेणार नाही.

माझ्या आवाजाला धार आली असावी. ‘मामा, एवढा का चिडतोस?’ असे तिने विचारले. सात वर्षे मी तासिका तत्त्वावर शिकवले. तासाला अमुक रुपये हा आकडा मीही पगार समजून घरी सांगितला होता. दिवाळीची सुट्टी आणि मे महिना त्या आकड्यात नव्हते, हे पहिल्या दिवाळीत आईच्या हातात पैसे ठेवायची वेळ आली तेव्हा कळले. नेमणूकपत्र जेमतेम चार ओळींचे होते. काव्यशास्त्र शिकवणाऱ्या माणसाने ते नीट वाचलेच नव्हते. हे मी तिला कधी सांगितले नव्हते, त्या रात्री सांगितले.

मग मी तिला दोन गोष्टी करायला लावल्या. एजन्सीने सहीआधी ‘मुख्य माहितीपत्र’ द्यावे असा २०२० पासून नियम आहे. जास्तीत जास्त दोन पाने, आणि त्यात हातात काय पडेल त्याचे उदाहरण. एजन्सीने ते दिले नव्हते. मागितल्यावर अर्ध्या तासात आले. दुसरी गोष्ट सुट्टीची. वेतनाच्या त्या १२९० मध्येच सुट्टीचे सुमारे १३९ पौंड धरलेले असतात. ते दर आठवड्याला वाटून द्यायचे की साठवायचे, आणि साठवले तर वर्ष संपताना बुडतात का, हे लेखी विचार, असे मी बजावले.

तिने पहिल्या, कमी आकड्याच्या कंपनीत सही केली. ऑगस्टअखेर पगारपत्रक आले ते तिने जसेच्या तसे मला पाठवले. आमचा हिशेब चार पौंडांनी चुकला होता. खाली तिने लिहिले होते, ‘सुट्टीचे पैसे साठवायला सांगितलेत. दिवाळीत येतेय. आजीला सांग.’