वाकडेपणा कुणाला दिसतो?

पाठीचा कणा बाजूला झुकलेल्या मुलीला घरात दिवसातून दहा वेळा ‘ताठ बस’ असे सुनावले जाते. वस्तुतः हा आळस नसतो. तिच्या शरीराला ती झुकलेली स्थितीच सरळ वाटत असते.

जर्मनीतील ड्रेस्डेन येथे १८९४ साली जन्मलेल्या काथारीना श्रोथ यांना हाच विकार होता. किशोरवयात पोलादी पट्टा वापरताना त्यांना फुगा पाहून सुचले की, दबलेला फुगा हवेने भरतो, तशी बरगड्यांची दबलेली बाजूही श्वासाने भरता येईल. आरशापुढे त्यांनी स्वतःच्या देहाचा अभ्यास केला आणि १९२१ मध्ये माइसेन येथे उपचारकेंद्र उघडले. या पद्धतीत मूल आरशात पाहून, दबलेल्या बाजूस श्वास नेऊन, हळूहळू आरशावाचूनही योग्य स्थिती ओळखू लागते.

क्ष-किरण चित्रात बाक १० अंश वा अधिक असल्यास त्यास स्कोलिओसिस म्हणतात. उंची झपाट्याने वाढते त्या वयात तो वाढू शकतो. म्हणून वेळोवेळी तपासणी करावी व डॉक्टरांनी सांगितलेला पट्टा टाळू नये. व्यायाम ही त्याला जोड आहे, पर्याय नव्हे. पालकांनी मात्र टोकणे थांबवून व्यायामाच्या वेळी मुलीजवळ शांतपणे बसावे.