डावा पाय

दिवाळी तोंडावर आली म्हणजे घरातल्या कर्त्या पुरुषाने माळ्यावरचे डबे काढून द्यावेत, खोबरे किसावे, एवढी माफक अपेक्षा असते. मी मात्र वसुबारसेच्या दिवशी ओसरीवर रद्दी अंथरून अण्णांच्या येझ्दीचे इंजिन उघडून बसलो होतो. आमच्या सौभाग्यवतींनी माझ्याशी बोलणे सोडले होते, हे वेगळे सांगायला नकोच.

छत्रपती संभाजीनगरला मोटारसायकलीचे काय अप्रूप! १९८५ पासून वाळूजला बजाजचा कारखाना चालू आहे. अण्णांनीही वाळूजच्याच एका लहानशा वर्कशॉपात लेथवर उमेद घालवली. पण गाडी वापरली ती म्हैसूरची. मूळ घराणे चेकोस्लोव्हाकियातले. यानेचेक नावाच्या गृहस्थांनी १९२९ मध्ये वाँडरर कंपनीची मोटारसायकल बनवायला घेतली आणि दोन्ही नावांची पहिली अक्षरे जुळवून ‘जावा’ केले. म्हैसूरच्या आयडियल जावाने पुढे तिचीच येझ्दी केली. तो कारखाना १९९६ मध्ये मिटला. २०२२ मध्ये येझ्दी हे नाव पुन्हा बाजारात आले, पण ही नवी गाडी बटण दाबताच सुरू होते. “ही मोटारसायकल नव्हे, मिक्सर आहे,” असे अण्णा म्हणाले होते. तेव्हा त्यांना बोलता येत होते.

गेल्या वर्षी पावसाळ्यात त्यांना अर्धांगवायू झाला. उजवी बाजू गेली आणि वाचाही. काठीच्या आधाराने पाय थोडासा परतला, शब्द परतले नाहीत. ‘हं’ आणि ‘नाही’ एवढेच उरले. त्यातही ‘नाही’ जास्त स्पष्ट.

यंदा दसऱ्याला गाडी पुसून हार घातला. अण्णांनी किकेकडे बोट दाखवले. मी मारली, तर पाय रिकामाच खाली गेला. पुन्हा मारली, पुन्हा तेच. अण्णांनी तोंड फिरवले. ते मला फार लागले.

दोष क्षुल्लक होता. किकेच्या दांड्यावर अर्धचंद्रासारखा एक दातेरी तुकडा असतो. किक मारली की त्याचे दात क्लचच्या दात्यांत अडकतात आणि इंजिन फिरते. त्याचा पहिला दात झिजला की पकड सुटते. जुन्या बाजारातल्या चाचांनी तुकडा शोधून दिला आणि वर बजावले, “मास्तर, खोलना आसान है.”

त्याचा अर्थ तिसऱ्या दिवशी कळला. तुकडा बसला, चेन बसली, क्लच बसला, पॅकिंग लावून झाकण आवळले, तर किक लोंबकळतच राहिली. सगळे पुन्हा उघडले. दुसऱ्यांदाही तेच! व्याकरणातला नियम मुलाला तीनदा सांगूनही कळला नाही की मी त्याला काय काय बोलतो, ते त्या वेळी आठवले.

अण्णा खुर्चीत बसून पाहत होते. मी स्प्रिंग उचलली की म्हणत, “नाही.” मला वाटे, ते मोडतोडीला वैतागले आहेत. शेवटी त्यांनी काठीने माझा हात अडवला, स्प्रिंग डाव्या हातात घेतली आणि ओले फडके पिळावे तशी मनगटाची खूण केली. तेव्हा उजेड पडला. स्प्रिंग सैल बसवायचीच नाही. एक टोक भोकात अडकवून तुकडा उलटा फिरवायचा, पीळ भरायचा आणि तो धरून ठेवूनच पुढचे काम करायचे. मी फिरवू लागलो. बोटे सटकली, साल निघाली. “हं,” अण्णा म्हणाले.

धनत्रयोदशीला पेट्रोलमध्ये ऑइल मिसळून टाकीत ओतले. मी पाय उचलणार, तोच अण्णा काठी टाकून उभे राहिले. आई स्वयंपाकघरातून ओरडली, “अहो, काय हे!” पण येझ्दीची किक डाव्या बाजूला असते. गियरचा दांडाच आत दाबून वर फिरवला की तो किक होतो. आणि अण्णांचा डावा पाय शाबूत होता!

गाडी मोठ्या स्टँडवर होती. मी त्यांना काखेत धरून सीटवर बसवले, उजवीकडून खांदा दिला. त्यांनी पायानेच दांडा आत दाबला, वर घेतला. पहिली किक वाया गेली, दुसरी नुसती खोकली. तिसऱ्या किकेला दोन्ही सायलेन्सरांतून निळा धूर सुटला आणि दारातली रांगोळी दिसेनाशी झाली.

अण्णांनी डाव्या हाताने मागच्या सीटवर दोनदा थापटले. मी मुकाट्याने त्यांच्या मागे जाऊन बसलो.