ब्लीडर उघडा ठेव

आमच्या भाषेत व्हॉल्व्ह गळत नाही, तो ‘पासिंग’ असतो. बाहेर टिपूस नाही, चाक घट्ट बसलेलं, आणि आत मात्र चालूच. हे मला आयटीआयमध्ये कुणी सांगितलं नव्हतं. सांगितलं असेल तर मी शेवटच्या बाकावर असेन.

रायगड जिल्ह्यातल्या एका रासायनिक कारखान्यात फिटर म्हणून लागून वर्षही झालं नव्हतं. स्टीम लाइनवरचा कंट्रोल व्हॉल्व्ह उतरवायचा होता. बारा किलोची लाइन. पुस्तकात त्याला ‘प्रति चौरस सेंटिमीटर’ असं शेपूट असतं, कारखान्यात नुसतं किलो. त्या प्रेशरला वाफ १९० अंशांच्या आसपास असते. अलीकडे एकच गेट व्हॉल्व्ह. ऑपरेटरने तो बंद केला, मी चाकाला पाना अडकवून आणखी पिळला. गेज शून्यावर, परमिटवर सही. फ्लँजचे चार बोल्ट सैल केले. आधी थोडं कोमट पाणी आलं, मग शिट्टी. माझा हेल्पर पलीकडून वाकला होता. त्याचा हात मनगटापासून कोपरापर्यंत भाजला.

नंतर कळलं, गेजखालचा छोटा कॉक बंदच होता. लाइन चालू असतानाही ते गेज शून्यच दाखवत असणार, आणि कुणी पाहिलं नव्हतं. गेट व्हॉल्व्हच्या सीटवर वाफेने चर पाडली होती. बारीक फटीतून वाफ महिनोन् महिने जोरात जात राहिली की पोलादही खाते. मग चाक कितीही पिळा.

पुढच्या शटडाऊनमध्ये तिथे दुसरा व्हॉल्व्ह बसला, आणि दोघांच्या मध्ये अर्ध्या इंचाचा ब्लीडर. कागदावर नाव ‘डबल ब्लॉक अँड ब्लीड’. मला वाटलं, एका कुलपाच्या जागी दोन कुलपं. आमच्या हेड फिटरना सगळे मामा म्हणायचे. ते हसले. “कुलपं मोजू नकोस रे. भोक बघ.”

त्यांनी करून दाखवलं. पहिला बंद, दुसरा बंद, मग ब्लीडर उघडला. मधल्या दोन फूट पाइपात अडकलेली वाफ फुस्सकन गेली, मागोमाग तांबूस पाणी, मग नुसते थेंब. मी पाना उचलला. मामा जागचे हलले नाहीत. दहा मिनिटांनी ब्लीडरच्या तोंडापासून दोन बोटं अंतरावर पांढरा पुंजका तरंगायला लागला. तोंडाशी मात्र काहीच नाही. मी बोट पुढे नेलं तसा त्यांनी माझा हात झटकला. कोरडी वाफ दिसत नाही. हवेत निवून तिचे थेंब झाले की ती पांढरी होते. त्या दोन बोटांच्या मोकळ्या जागेतच ती होती.

म्हणजे पहिला व्हॉल्व्ह पासिंग. तरी दुसऱ्यावर प्रेशर चढत नव्हतं, कारण आलेली वाफ ब्लीडरमधून निघून जात होती. एका व्हॉल्व्हच्या वेळी हे कळायला फ्लँज उघडावा लागला होता. ब्लीडरला आवरणार नाही इतकं पासिंग असेल, तर काम तिथेच थांबवायचं.

आणि लोक नेमका तोच बंद करतात. फरशी ओली होते, आवाज येतो, राउंडवर आलेल्या साहेबाला गळती दिसते. एकदा रात्रपाळीत कुणीतरी ब्लीडर बंद करून ठेवला. जागा अगदी लख्ख! सकाळपर्यंत त्या दोन फुटांत प्रेशर भरलेलं, आणि आम्ही पुन्हा एकाच व्हॉल्व्हच्या भरवशावर. मामांनी त्या दिवशी जे शब्द वापरले ते छापण्याजोगे नाहीत. तेव्हापासून उघड्या ब्लीडरलाही कुलूप आणि टॅग लागायला लागला.

सेफ्टीच्या वर्गात पुढे पासाडेनाची गोष्ट ऐकली. टेक्सासमधला पॉलिथिलीनचा कारखाना, २३ ऑक्टोबर १९८९. तुंबलेला पाइप साफ करताना मध्ये आडवा एकच बॉल व्हॉल्व्ह होता. तो हवेवर चालायचा, आणि त्याच्या हवेच्या नळ्या उलट जोडल्या गेल्या होत्या. व्हॉल्व्ह उघडला. २३ माणसं गेली. वर्गात बाकीचे नळ्यांबद्दल विचारत होते. माझ्या डोक्यात ‘एकच’ हा शब्द अडकला होता.

हल्ली एकाच बॉडीत दोन सीट असलेले बॉल व्हॉल्व्हही याच नावाने येतात. जागा वाचते हे खरं. पण चेंडू एक, दांडा एक. तो चुकून फिरला तर दोन्ही बाजू एकदमच उघडणार. शिवाय काहींच्या सीट मधल्या पोकळीतलं प्रेशर वाढलं की आपणहून मागे सरकतात, म्हणजे वरची सीट पासिंग आणि ब्लीड बंद, तर खालची धरणारच नाही. मला आपले दोन वेगळे व्हॉल्व्हच बरे वाटतात. आणि माणूस भांड्यात उतरणार असेल, तर मामांचा या जोडीवरही विश्वास नसे. लाइनमध्ये ब्लाइंड, म्हणजे वाट पूर्ण बुजवणारी भरीव चकती, टाकल्याशिवाय ते कुणाला आत सोडत नसत.

मामा रिटायर झाले. गेल्या शटडाऊनला त्याच जागी माझ्याबरोबर नवा अप्रेंटिस होता. ब्लीडर उघडून अर्धा तास आम्ही उभे. थेंब थांबले, तोंडाशी धरलेला थंड पत्रा कोरडाच राहिला.

“सर, अजून किती वेळ?”

“तुझा हात तिकडे आहे, तो काढ,” मी म्हटलं. तो माझ्या बाजूला येऊन उभा राहिला. मग मी पाना लावला, आधी पलीकडच्या बोल्टला, म्हणजे काही उरलंच असेल तर ते आमच्या तोंडावर यायला नको.