उणी मात्रा

‘त्याच्यापुढें कोणाची मात्रा चालत नाहीं,’ असें आपण सहज म्हणतों. परंतु मात्रा किती द्यावी हा प्रश्न घरांत येऊन बसेपर्यंत त्या शब्दाचा मूळ अर्थ ध्यानांतहि नसतो. गेल्या वर्षीं माझ्या मेहुण्यांस, अण्णांस, फुप्फुसाचा कर्करोग निघाला. वय ७०, वजन ४८ किलो, आणि मूत्रपिंडें मधुमेहानें आधींच थकलेलीं. डॉक्टरांनीं औषध निम्म्याच्या आसपास देण्याचें ठरविलें.

“अरे, उणें औषध म्हणजे आशा सोडली असेंच ना?” ताईनें मला विचारलें.

मी गणिताचा प्राध्यापक. समजूत घालण्यास माझ्याजवळ आंकडेच. अण्णांचें क्रिअॅटिनिन १.२ होतें. कागदावर हा आंकडा किती साळसूद दिसतो! पण क्रिअॅटिनिन स्नायूंतून निपजतें; अंगावर मांसच उरलें नाहीं, तर तें वाढणार कोठून? कॉकक्रॉफ्ट व गॉल्ट यांचें १९७६ चें सूत्र सांगतें कीं, १४० मधून वय वजा करावें, वजनानें गुणावें व क्रिअॅटिनिनच्या ७२ पटीनें भागावें. उत्तर आलें मिनिटाला ३९ मिलिलिटर. निरोगी तरुणाचें शंभराच्या आसपास असतें.

प्लॅटिनमपासून केलेलें सिस्प्लॅटिन मूत्रपिंडांतूनच बाहेर पडतें आणि जातां जातां त्यांनाच इजा करतें. म्हणून त्याचें सौम्य भावंड, कार्बोप्लॅटिन, निवडलें होतें. त्याची मात्रा कॅल्व्हर्ट यांच्या १९८९ च्या सूत्रानें काढतात : मूत्रपिंडांच्या गतींत २५ मिळवावे व इष्ट परिणामाच्या अंकानें, येथें ५ नें, गुणावें. ते २५ म्हणजे मूत्रपिंडांवांचून शरीर ज्या औषधाची वासलात लावतें त्याचा हिशेब. शंभर गतीच्या माणसास ६२५ मिलिग्रॅम, अण्णांस ३२०, आणि ज्याचीं मूत्रपिंडें सर्वस्वीं बंद पडून डायलिसिस चालू आहे त्यास अवघे १२५!

“ताई, मोरी तुंबली असली तर तांब्याभर पाणीहि घोट्यापर्यंत चढतें,” मी म्हणालों. “अण्णांच्या रक्तांत हे ३२० दुसऱ्याच्या ६२५ इतकेंच काम करतील. ६२५ दिले, तर अस्थिमज्जाच करपेल.”

ती कांहीं बोलली नाहीं. दिनदर्शिकेच्या मागें मात्र तिनें तें सूत्र उतरून घेतलें. तिसऱ्या खेपेस वजन तेंच राहिलें, पण क्रिअॅटिनिन १.५ वर गेलें. मीं चष्मा शोधेपर्यंत तिनें उत्तर काढलें होतें : २८०. डॉक्टरांच्या चिठ्ठीवरहि तोच आंकडा होता.