सगळी कर्जं एका कागदावर

सोलापूरच्या पूर्व भागात, विडी कामगार बायकांच्या वस्तीत एक सार्वजनिक सभागृह आहे. शिवणवर्ग, मुलांची अभ्यासिका, अधूनमधून डोळ्यांची तपासणी एवढंच तिथे चालायचं. बँकेतून निवृत्त झाल्यावर मी तिथे बुधवारी दुपारी बसू लागले, ती रेशनकार्डाचे आणि पेन्शनचे अर्ज भरून द्यायला. पण अर्ज भरून झाला की बायका उठायच्या नाहीत. पिशवीतून गटाच्या कर्जाचं कार्ड निघायचं, सोनं गहाण टाकल्याची पावती निघायची, मोबाइलवर आलेला धमकीचा मेसेज निघायचा. अर्ज मागे पडले आणि कर्जाचंच काम वाढलं. आता आम्ही आठवड्यातून चार दिवस बसतो, एक वकीलबाई मदतीला येतात, आणि यंत्रमाग कामगारांसाठी संध्याकाळची वेळ ठेवली आहे.

विडीची मजुरी दर हजार विड्यांमागे मिळते. तेंदूचं पान खराब निघालं की विड्या कमी होतात, कारखान्यात मोजताना खराब ठरवलेल्या विड्यांची छाट वेगळी जाते. हप्त्याला यातलं काही माहीत नसतं, तो ठरल्या दिवशी यायचाच. मग एका गटाचा हप्ता भरायला दुसऱ्या गटातून उचल, तिसरीकडून ॲपवर, आणि शेवटी गल्लीतला व्याजाने पैसे देणारा. उधळपट्टीने बुडालेली बाई मला इथे क्वचितच भेटली. बहुतेकींच्या कर्जाचं मूळ दवाखान्यात होतं.

आमचं पहिलं काम अगदी साधं असतं. सगळी कर्जं एका कागदावर लिहायची: कोणाचं, मुद्दल किती, किती फेडलं, हप्ता कधी. एक मावशी म्हणाल्या, ‘‘अक्का, चार आहेत.’’ लिहीत गेलो तसा आकडा सातवर गेला. भिशीची उचल, किराण्याची उधारी आणि जावेकडून घेतलेले पैसे त्यांनी सर्वांत शेवटी सांगितले, तेही मान खाली घालून. जावेला व्याज द्यायचं नव्हतं, तरी त्यांची झोप त्याच पैशांनी उडवली होती. म्हणून पहिल्या दिवशी मी सल्ला देतच नाही, फक्त लिहून घेते.

मग व्याजाचा हिशेब मांडायचा. गल्लीत ‘दहा टक्के’ म्हणजे महिन्याला दहा. दहा हजारांवर महिन्याला हजार, वर्षाला बारा हजार, आणि मुद्दल तसंच उभं. महाराष्ट्राच्या 2014 च्या सावकारी कायद्याखाली बिगरशेती विनातारण कर्जाला परवानाधारक सावकाराला वर्षाला 18 टक्क्यांची मर्यादा घालून दिली आहे. म्हणजे त्याच दहा हजारांवर महिन्याला दीडशे. हे दोन आकडे शेजारी शेजारी लिहिले की बाई बराच वेळ कागदाकडे बघत बसते. परवाना नसताना सावकारी करणं हा गुन्हा आहे आणि तक्रार सहकार खात्याच्या सहायक निबंधकांकडे करता येते. अर्थात, ज्याच्या दारावरून रोज जायचं त्याच्याविरुद्ध सही करायला धैर्य लागतं. सही करायचीच, असा आग्रह आम्ही धरत नाही.

गटांतून मिळणाऱ्या मायक्रोफायनान्सच्या कर्जाला रिझर्व्ह बँकेने 2022 मध्ये घालून दिलेले नियम लागू आहेत. सगळ्या कर्जांचे मिळून हप्ते कुटुंबाच्या महिन्याच्या उत्पन्नाच्या निम्म्यापेक्षा जास्त होता कामा नयेत. सकाळी नऊच्या आत आणि संध्याकाळी सहानंतर वसुलीसाठी फोन करायचा नाही, शिवीगाळ करायची नाही, नातेवाइकांना आणि शेजाऱ्यांना त्रास द्यायचा नाही. ठरलेल्या जागी कर्जदार लागोपाठ दोनदा आला नाही, तरच घरी यायचं. हे नियम आम्ही मराठीत आणि तेलुगूत छापून भिंतीवर लावले आहेत.

पण सगळ्यात अवघड असतो तो गटाचा दाब. एका बाईच्या नवऱ्याला मागावर अपघात झाला आणि हप्ते थकले. तिच्या दारात रात्रीपर्यंत बसून राहिल्या त्या तिच्याच गटातल्या बायका. त्यांचीही चूक नव्हती. हिने भरलं नाही तर आपल्याला पुढचं कर्ज मिळणार नाही, असं त्यांना सांगितलं गेलं होतं. आम्ही अख्ख्या गटालाच बोलावलं, सगळ्यांसमोर कागद मांडला, आणि हप्ता लहान करून मुदत वाढवून मागणारं पत्र कंपनीला पाठवलं. कंपनीने ते मानलं. प्रत्येक वेळी असं होत नाही. एक कुटुंब आमच्याकडे पोचायच्या आधीच खोलीला कुलूप लावून निघून गेलं. त्यांचा पत्ता आजही लागलेला नाही.

कोणाचे पैसे आधी द्यायचे, यावर माझं मत ठाम आहे. आधी घरभाडं, धान्य, औषध आणि वीजबिल, मग कर्ज. जो जास्त ओरडतो त्याला आधी पैसे मिळतात, ही सवय मोडावी लागते. तडजोडीने कर्ज मिटवलं तर लेखी पत्र घ्यायचंच, आणि सिबिलमध्ये त्याची नोंद राहते हे बाईला आधी सांगायचं. कंपनीकडे लेखी तक्रार करून तीस दिवसांत उत्तर आलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे फुकट तक्रार करता येते. त्याची माहिती 14448 या क्रमांकावर मिळते. स्त्रियांना उत्पन्न कितीही असलं तरी विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो, त्यासाठी 15100.

काम वाढवलं तशी रांगही वाढली, आणि हिशेब समजावून सांगणारी माणसं कमी पडताहेत. बँकेतून, पतसंस्थेतून, सहकार खात्यातून निवृत्त झालेल्यांना माझी विनंती आहे: आपल्या गावातल्या एखाद्या वस्तीत आठवड्यातली एक दुपार द्या. आणि ज्यांच्या डोक्यावर हप्ते आहेत त्यांनी नवं कर्ज उचलण्याच्या आधी या. येताना सगळे कागद आणा, लपवलेलेसुद्धा.