मोजक्या पाण्याचे घर

इंग्लंडमध्ये राहणाऱ्या आम्हा कोकणी कुटुंबाने जुनी मोटरहोम घेतली. आत झोपण्याची, स्वयंपाकाची, न्हाणीची सोय असलेली गाडी. बाकाखालच्या कप्प्यात पंप, हीटर आणि नळ्यांचा गुंता होता. सांधे गळत होते, तिथवर हात पोहोचत नव्हता. अब्बांना फजरच्या वुजूला गार पाणी सोसत नाही, म्हणून हेच काम आधी काढले.

सगळ्या नळ्या बदलल्या. गरम पाण्याची लाल, थंडाची निळी. १२ व्होल्टच्या नव्या पंपाआधी गाळणी बसवली. सर्वांत खालच्या जागी पाणी सोडून देण्याची तोटी ठेवली, कारण गोठताना पाणी सुमारे ९ टक्के फुगते आणि नळी फोडते. हिवाळ्यात गाडी उभी करताना टाकी, हीटर, नळ्या रिकाम्या कराव्याच लागतात. प्रत्येक सांधा हाताशी यावा म्हणून वर उघडती फळी केली.

टाकी १०० लिटरची, माणसे पाच. हजरत मुहम्मद (स.) एका मुद्द पाण्यात, म्हणजे साधारण ओंजळभर मापात, वुजू करीत, हे मुलांनी मदरशात ऐकले होते. घरी नळ वाहताच राही. गाडीत टाकीचा काटा उतरताना दिसला, तशी मुले आपणहून लोटा घेऊ लागली. अब्बांच्या वाट्याचे गरम पाणी आता कुणी संपवत नाही.