अंबाडीची भाजी

बंगालात ज्यूटची कोवळी पाने भाजी म्हणून खातात, याचे आम्हा सोनपेठकडच्या बायांना नवल वाटत नाही. आम्हीही दोराचेच पीक खातो. अंबाडीच्या सालीचा वाख काढून कासरे वळायचे आणि पाला मजूर बायांनी ओटीत न्यायचा.

पूर्वी कापसाच्या, ज्वारीच्या रानात काठाला अंबाडी असे. खुरपून परतताना शेंडे खुडले तर एखादा मालक खेकसे, बाकीचे काही म्हणत नसत. मग नायलॉनचा दोर आला, सोयाबीन आले, तणनाशक आले. अंबाडी मागे पडली, घोळ-पाथरीही दिसेना. ज्यांना स्वतःचे रान नाही त्यांचेच कोरड्यास गेले. आता जुडी विकत घ्यायची.

म्हणून आम्ही मृगाच्या पावसावर घराच्या कुडालगत बी टोकतो. शेंडा खुडला की फांद्या फुटतात. दोन-चार झाडे बियांसाठी तशीच ठेवावीत.

पाला उकडून आंबट पाणी पिळून काढावे. तुरीची डाळ व ज्वारीच्या कण्या शिजवून त्यात तो घोटावा. लसणाच्या फोडणीत मात्र कंजुषी नको. गरम भाकरीशी खावी. दुसऱ्या दिवशी अधिक चवदार लागते, उरली तर!